एक ते चारची सावली

१

दुपारी एक ते चार आमच्या घराची बेल कोणी वाजवत नाही. पूर्वी एकदोघांनी वाजवली होती. त्यांना मी दार न उघडता खिडकीतूनच घड्याळ दाखवलं. बत्तीस वर्षं मी पिंपरीच्या एका इंजिनांच्या कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये झोप तुकड्यातुकड्याने घेतली. नव्याण्णव साली कारखान्याने आम्हा दीडशे जणांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. तेव्हापासून बिबवेवाडीतल्या या घरात मी जेवून एकला आडवा होतो आणि चारला उठतो. माझी बायको श्यामला शेजारी पडते. झोपेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे, असं मला वाटतं.

२००४ च्या मार्चमध्ये आमच्या मुलीने, सृष्टीने, एक झाड आणलं. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. ऑफिसची सगळी टोळी दार्जिलिंगकडे फिरायला गेली होती, तिथून तिने कालिंपाँगच्या एका रोपवाटिकेतलं वीतभर रोप विमानात मांडीवर घेऊन आणलं. लुकुलिया नाव. थंडीत फुलतं, गुलाबी फुलांचे गुच्छ येतात आणि वास म्हणे दोन घरं पलीकडे जातो. पुण्यात कोणाकडे आहे असं ऐकिवात नव्हतं. रोपवाटिकावाल्याने कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. सकाळचं ऊन द्या. दुपारचं देऊ नका. मुळांना हात लावू नका.

एप्रिलमध्ये सृष्टीला कंपनीने दोन वर्षांसाठी अमेरिकेत पाठवलं. विमानतळावर तिने आईला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, ते झाड फुललं ना, की मी येते बघ. प्रॉमिस."

पोरीने चेष्टा केली होती. श्यामलाला चेष्टा कळत नाही असं नाही, पण ही तिने कळून घेतली नाही.

२

झाड मागच्या अंगणात लावलं, आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर, दहा पावलांवर. बाजूला दोन बांबू रोवून मी हिरवी जाळी बांधली. एकला झोपण्याआधी जाळी झाडावर ओढायची, चारला काढायची. दिवसभर ठेवली तर पानांवर बुरशी धरते. इथवर ठीक होतं. पण अडीचच्या सुमाराला ऊन पश्चिमेकडे कलतं आणि जाळीखालून आत घुसतं. म्हणजे अडीचला कोणीतरी उठून जाळी त्या बाजूला खाली ओढायला हवी.

ते काम श्यामलाने घेतलं. मी घेणार नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

सबंध उन्हाळा ती रोज अडीचला उठली. मला झोपेत बांगड्यांचा आवाज यायचा, मागच्या दाराची कडी वाजायची. कधीकधी जाळी पुरायची नाही, वारा उडवायचा, मग ती स्वतःच उन्हाच्या आड उभी राहायची, हातात सूप धरून. "पाच मिनिटांचं काम," म्हणायची. ती पाच मिनिटं कधीकधी तासाची व्हायची. मी कूस बदलून झोपायचो. हे लिहिताना आज मला लाज वाटते.

मे गेला, पाऊस गेला, झाड जगलं. कंबरेएवढं झालं. सृष्टीचा फोन आला की पहिला विषय तोच.

"अजून अलाइव्ह आहे? आई, सिरियसली? गूगलवर लिहिलंय हे झाड एका रात्रीत मरतं."

"मरेल कसं? मी आहे ना," श्यामला म्हणायची.

३

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्यामलाला ताप आला. चार दिवस ती अंथरुणात होती. जाळीचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिल्याच दिवशी मी घोरत पडलो. एकला जाळी ओढायचीच विसरलो होतो. साडेतीनला दचकून जागा झालो आणि अनवाणी मागे धावलो. फरशी इतकी तापली होती की मला नाचत जावं लागलं.

झाड सावलीत होतं.

पान न पान टवटवीत होतं. मला आधी हायसंच वाटलं. मग मी वर बघितलं. वर काही नव्हतं. निरभ्र आकाश, आणि ऊन डोळ्यांत सुई टोचल्यासारखं. शेजारची इमारत उत्तरेला, तिची सावली इकडे पडूच शकत नाही. कपडे वाळत घालायची तार रिकामी होती. तरी झाडावर आणि त्याच्या भोवतीच्या आळ्यावर, बसायच्या चटईएवढी, गार सावली होती. मी हात आत घातला. हातालाही गार लागलं.

मी कारखान्यातला माणूस. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाळी काढून ठेवली आणि खुर्ची टाकून बसलो. एकला झाडावर लख्ख ऊन होतं. दीडला बघितलं तर सावली होती. ती आली केव्हा, ते मला दिसलं नाही. मी रांगोळीने तिची कड आखून घेतली, बांबूच्या सावलीचीही आखली. तासाभरात बांबूची सावली दीड हात सरकली. ही सरकली नाही. ऊन फिरत होतं, सावली मात्र झाडावरच राहत होती. तिची कड सरळ नव्हती. खाली रुंद, वर निमुळती, आणि एका अंगाने काहीतरी बाहेर निघालेलं.

मी त्याची तीन कारणं शोधली आणि तिन्ही मलाच पटली नाहीत. मग मी जे केलं ते अस्सल माझं होतं. जाळीची घडी घातली आणि माळ्यावर टाकली. काम आपोआप होतंय, मग झोप का मोडायची? श्यामला बरी झाल्यावर तिला म्हटलं, "आता तुला अडीचला उठायला नको. तिथे सावली असते."

"असते ना," ती म्हणाली. तिने कसली, कुठली, काहीच विचारलं नाही. 

४

त्यानंतर श्यामला दुपारची गाढ झोपू लागली. पूर्वी तिला जरा खुट्ट झालं की जाग यायची. आता चारला मी हाक मारली तरी उठेना. दोन हाका, मग चार. एकदा मी तिचा खांदा हलवला तर तो पाटासारखा जड लागला. उठली की आधी पाणी मागायची. दोन तांबे पाणी घटाघटा प्यायची.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती वेणी घालत होती. मी मागून बघितलं, तर मान भाजलेली. नुसती लाल नाही, कातडी सुटायला आलेली. दोन्ही दंडही तसेच.

"हे काय करून घेतलंस?"

"काय झालं?" तिने हात मागे नेऊन चाचपलं आणि ओरडलीच. "अगंबाई! मला वाटलं घामोळं आहे."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते आमचे वीस वर्षांचे डॉक्टर. त्यांनी मान बघितली, मग तिला चप्पल काढायला लावली. तळपायांना बारीक फोड होते.

"ऊन लागलंय," ते म्हणाले. "या वयात भर दुपारी अनवाणी कशाला हिंडता, वहिनी?"

"मी दुपारी घरात झोपते हो," श्यामला म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बायकोला काय कामाला जुंपलंय, असा प्रश्न त्या नजरेत होता. "झोपते ती," मी म्हटलं. "माझ्या शेजारी असते." त्यांनी मलम लिहून दिलं. वाटेत श्यामला म्हणाली, "कळ्या धरल्यात, बघितल्यात का? सृष्टीला कळवायला हवं." तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

५

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी दोनला बेल वाजली. मी धुमसतच दार उघडलं. लोणी काळभोरचा गेनबा उभा होता. वर्षातून दोनदा तो टेम्पोतून शेणखत आणून देतो. सत्तरीचा माणूस, हातात टोपी आणि पायाशी पोतं.

"गेनबा, किती वाजले?"

"सायेब, रागावू नका. पर वैनींना आत घ्या आधी. कवाधरनं उन्हात हुब्या हायेत."

"कुठे?"

"मागं. त्या झुडपापाशी. हात असा वर धरलाय." त्याने दाखवलं. कोपरात वाकवलेला हात, पंजा पालथा, उन्हाकडे. "म्या गल्लीतनं दोनदा हाक मारली. वळून बी बघितलं न्हाई. डोस्क्यावर पदर बी न्हाई वो."

"तुमची वहिनी आत झोपलीय," मी म्हटलं.

आमच्या दारातून बोळ सरळ आतल्या खोलीपर्यंत दिसतो. पलंगावरचे श्यामलाचे पाय दिसत होते, मलम लावलेले, एकमेकांवर ठेवलेले. गेनबाने त्या पायांकडे बघितलं. मग टोपी डोक्यावर ठेवली.

"पोतं हितंच ठिवतो," तो म्हणाला.

"चहा घेऊन जा."

"न्हाई. टेम्पो हुबा हाय." जाताना तो मागच्या गल्लीने गेला नाही. मोठा वळसा घालून हमरस्त्याने गेला.

मी मागचं दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. झाडावर सावली होती. आता ती मला वाचता आली. खाली साडीचा घेर, वर खांदा, आणि बाहेर निघालेला तो हात. मी मागे वळून बघायचं धाडस केलं नाही. दार लावून घेतलं आणि पलंगापाशी येऊन बसलो. 

६

त्या दिवसापासून मी दुपारची झोप सोडली. पाच वर्षांत कोणी सोडवू शकलं नव्हतं, तरी सुटली.

मी श्यामलाच्या उशाशी बसायचो. तिचं मनगट हातात धरायचो. दीडला मनगट गार पडायला लागायचं, हळूहळू, स्टोव्हवरून उतरवलेल्या भांड्यासारखं. श्वास लांबलांब व्हायचा. आणि मग खिडकीबाहेर बांगड्या वाजायच्या. तिच्या बांगड्या माझ्या मुठीत असायच्या, हलत नसायच्या, आणि आवाज बाहेरून यायचा.

जाळी माळ्यावरून काढून पुन्हा बांधली. जाळीखाली ती सावली होतीच, आणखी गडद. एका दुपारी मी श्यामलाला झोपूच दिलं नाही. खुर्चीत बसवून बोलत राहिलो, भाजी निवडायला लावली. दीडला मेथीची जुडी हातातच राहिली आणि तिची मान खाली गेली.

तिला जाग यायची वेळ मी कॅलेंडरवर लिहीत गेलो. चार वाजून दहा. साडेचार. पाचला पाच कमी. ती वाळत चालली होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले होते. आणि झाडावर अडतीस कळ्या होत्या, एकही गळलेली नव्हती.

सृष्टीने अठरा डिसेंबरचं तिकीट काढल्याचं कळवलं. श्यामला रडली. त्या दिवशी सकाळी मी मन घट्ट करून म्हटलं, "आपण ते झाड काढून टाकू या."

मला वाटलं, ती भांडेल. ती शांतपणे म्हणाली, "काढा की. पण मी परत आल्यावर काढा."

"परत? कुठून?"

ती गोंधळली. हातातला कप तसाच राहिला. "झोपेतून हो," ती म्हणाली. "आणखी कुठून?"

७

बारा डिसेंबर, रविवार. थंडी पडली होती, तरी दुपारचं ऊन कडक होतं. एकला श्यामला आडवी झाली आणि पाच मिनिटांत तिचं मनगट गार पडलं. नेहमीसारखं दीडपर्यंतही थांबलं नाही.

खोलीत पडदे ओढलेले होते, पंखा चालू होता. माझ्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा तांबडा होत गेला. आधी कपाळ, मग गाल. मी ओला रुमाल ठेवला, तो वाळला. पुन्हा भिजवला, पुन्हा वाळला. ओठाची भेग उलली आणि रक्ताचा थेंब आला. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. श्वास मोजला. मिनिटाला सहा. मग पाच.

डॉक्टरांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. एक ते चार पुण्यातले डॉक्टरही झोपतात. मी स्वतः त्याचं कौतुक करत आलो होतो. रिक्षा बघायला दारात आलो, रस्ता रिकामा होता. आणि दवाखान्यात नेऊन सांगणार काय? बंद खोलीत ऊन लागलं?

मी कुदळ घेतली आणि मागे गेलो.

झाड सुंदर दिसत होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन कळ्या फुटायला आल्या होत्या. मी कुदळ उचलली आणि तशीच धरून राहिलो. कारखान्यात मी एक गोष्ट शिकलो होतो. कुठला खांब कशाला टेकू देतोय हे कळल्याशिवाय खांब काढायचा नाही. झाड गेलं तर ती मोकळी होऊन आत येईल? की काम उरलं नाही म्हणून ती कुठेच येणार नाही? मला उत्तर माहीत नव्हतं, आणि करून बघायला श्यामला एकच होती. मी कुदळ खाली ठेवली.

मग दुसरी गोष्ट आठवली, त्याहूनही जुनी. पाळी संपली तरी बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. मी स्वतः कितीदा दोन दोन तास जास्त उभा राहिलो होतो, पुढच्या पाळीचा माणूस उशिरा येतोय म्हणून. तो दारात दिसला की सगळा शीण जायचा. या बाईला आठ महिन्यांत कोणी बदली गेलंच नव्हतं. ज्याने जायचं तो आत घोरत होता.

मी घरात गेलो. तिच्याकडे एकदा बघितलं. छाती हलतेय की नाही, ते कळेना. दारामागची काळी छत्री घेतली, पायात चपला घातल्या आणि मागच्या अंगणात आलो. झाडाच्या नैर्ऋत्येला, जिथे कोणी दिसत नव्हतं तिथे, अगदी खेटून उभा राहिलो. उन्हातही तिथे तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. मी छत्री उघडली.

"श्यामला," मी म्हटलं, "मी आलोय. तू जा."

काही झालं नाही. मग माझ्या दंडाला बांगड्या घासून गेल्या.

८

झाडावर आता नुसती छत्रीची सावली होती. गोल, काळी, साधी. काड्यांची टोकंसुद्धा दिसत होती. मी ती नीट झाडावर धरली आणि खिडकीकडे मान वळवली.

पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. हलला की आतलं दिसायचं. पलंगाची कड, तांब्या, श्यामलाचा हात. मग तो हात हलला. ती उठून बसली! तिने केस मागे सारले, तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. इतका आनंद मला सृष्टीच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. मी हसलो, मोठ्याने हसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अडीच वाजले असतील. आता छत्री मिटावी आणि आत जावं, असं मनात आलं.

पडदा पुन्हा हलला. श्यामला पलंगावर दुसऱ्या बाजूला वळली होती आणि कुणालातरी हलवत होती. बनियन घातलेला एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोक्यावर टक्कल, उजव्या खांद्यावर गरम तेलाचा जुना डाग. हा डाग मला ऐंशी साली कारखान्यात पडला.

मी आडवा झाल्याचं मला आठवत नव्हतं. चपला घातल्याचं आठवत होतं. मी खाली बघितलं. पाय अनवाणी होते, आणि फरशी भाजत होती.

"अहो," श्यामला म्हणाली. खिडकीतून स्वच्छ ऐकू आलं. "अहो, उठा ना. असं काय करताय? अहो!" तिचा आवाज चढत गेला. तिने त्या माणसाचं मनगट धरलं आणि पटकन सोडलं.

मला ओ द्यायची होती. दहा पावलं होती. पण छत्री हलली असती तर झाडावर ऊन पडलं असतं, आणि माझ्या जागी येऊन उभं राहणारं त्या घरात एकच माणूस होतं.

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.